एक्केचाळीसाव्या खुणेवरची पावलं

समिधा भुवडचं काम आवाजांना नावं ठेवण्याचं होतं. नावं ठेवणं म्हणजे आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठेवतो तसं नव्हे, खरीखुरी नावं. कानाला काही अनोळखी ऐकू आलं की तो पडद्यावर पिवळा ठिपका दाखवायचा आणि नम्रपणे विचारायचा, हे काय? समिधानं हेडफोन लावून ऐकायचं आणि सांगायचं: बैलगाडी. म्हैस. पाणी उपसायचा पंप. लग्नाची वरात. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तो विचारायचा नाही, शहाण्या पोरासारखा आपला आपण ओळखायचा.

कान हे त्याचं शिरवलीच्या ठाण्यातलं लाडाचं नाव. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं, ते कुणी घेत नसे. करवंद घाटातून कोकणात उतरणारी गॅसची पाइपलाइन जमिनीत दीड मीटर खोल पुरलेली, आणि तिच्या पाठीवर केसाइतकी बारीक काचेची तार. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उजेडाचा ठोका सोडायचा. काच कितीही निर्मळ असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष असतातच. त्यांच्यावर आपटून थोडा उजेड मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की माती दबते, मातीबरोबर तार किंचित ताणली जाते आणि मागे येणारा उजेड तेवढाच बदलतो. तो बदल वाचून पुन्हा आवाज करायचा. झालं, एकशे दहा किलोमीटरचा कान तयार! पाइपवर कुदळ पडायच्या आत ठाण्यात बसून कळायचं की कुदळवाला कुठवर आलाय.

समिधाला ही नोकरी अनुकंपेवर मिळाली होती. तिचा नवरा रुपेश याच लाइनवर गस्तवाला होता, क्रमांक सात. हातात काठी घेऊन रोज अकरा किलोमीटर चालायचं, कुणी पाइपवर खणत नाही ना, माती खचत नाही ना, हे बघायचं. दीड वर्षापूर्वी दुपारी घाटातल्या एक्केचाळीसाव्या खुणेच्या दगडापाशी तो छाती धरून बसला तो उठलाच नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यानं समिधाला फोन केला होता. ती पापड वाळत घालत होती, हात पिठाचे होते. नंतर करू, म्हणाली. त्या 'नंतर'चं काय झालं ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस गेल्यावर नियमाप्रमाणे त्याचा क्रमांक यंत्रातून पुसला गेला, त्याच्या पावलांची ओळखही पुसली गेली, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको यंत्रासमोर येऊन बसली.

गणपती गेले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी एक्केचाळीसाव्या खुणेवर पिवळा ठिपका उमटला. समिधानं हेडफोन लावला.

टप. टप. खर्र.

मग शांत. बराच वेळ शांत. आणि पुन्हा, टप, टप, खर्र.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. काठी, उजवा पाय, आणि मागून घासत येणारा डावा. मोटारसायकलवरून पडल्यापासून रुपेशचा डावा पाय ओढला जायचा. अंगणात हा आवाज आला की ती चहाचं आधण चढवायची, चौदा वर्षं. आणि हे मधलं थांबणं! शेवटच्या वर्षात चढावर त्याला दम लागायचा. चार पावलं टाकायचा, थांबायचा, कमरेवर हात ठेवून घाट न्याहाळल्याचं सोंग करायचा. तिनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं.

कान विचारत होता, हे काय?

समिधानं बोट पुढे केलं, मागे घेतलं. शेजारचा खुर्चीवाला जेवणाचा डबा धुवायला गेला होता. तिनं यादीतलं 'गस्तवाला, निर्धोक' हे नाव दाबलं. पिवळा ठिपका हिरवा झाला आणि तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली.

त्यानंतर तिनं कायम दुपारची पाळी मागून घेतली. लोकांना वाटलं, बाई कामसू आहे. रोज तीन वाजता ती हेडफोन लावायची आणि एक्केचाळीसाव्या खुणेवर जाऊन बसायची. आठवड्याभरात कान शिकला. पावलं आली की तो विचारायचं सोडून आपणच हिरवा ठिपका टाकू लागला. जणू घरातल्या माणसाला दार उघडून द्यावं, इतक्या सहज. ती मनातल्या मनात बोलायची. "अहो, पेरूला या वर्षी कीड लागली." "अहो, आईंचा गुडघा पुन्हा धरलाय." एकदा तर पापडांचंही बोलली. माफी मागितली. पलीकडून टप, टप, खर्र.

आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जिनं तिला वेडंच केलं. मधलं थांबणं कमी होत होतं. पहिल्या दिवशी दोन वेळच्या पावलांमध्ये चोपन्न सेकंद गेले होते, तिनं मोजले होते. पंधरा दिवसांनी चाळीसच्या आत आले. घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, ती रोजचा आकडा बारीक अक्षरात लिहू लागली. तिला वाटलं, त्यांचा दम कमी होतोय. तिथं त्यांना बरं वाटतंय.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तिला राहवलं नाही. सासूबाई ओट्यावर बसून करंज्या भरत होत्या. बाहेर पाऊस होता. अलीकडे तो फराळालाही पाहुण्यासारखा यायचा आणि मुक्काम ठोकायचा.

"आई," समिधा म्हणाली, "हे येतात. लाइनवर. रोज दुपारी ऐकते मी."

म्हातारीचा हात थांबला. ती रडेल, अंगारा आणायला सांगेल, काहीतरी करेल असं समिधाला वाटलं होतं. तिनं करंजीची कड नीट दाबून बंद केली.

"खयच्या अंगाक जाता?" तिनं विचारलं. तिचं माहेर खाली सावंतवाडीकडचं, पन्नास वर्षं झाली तरी बोलणं सुटलं नव्हतं. "वर चढता, की खाली उतरता?"

समिधाला हा प्रश्न पडलाच नव्हता. पावलं पुढे सरकली की कानाचा ठिपका खुणेखुणेनं पुढे सरकतो. गस्तवाला चालला की पडद्यावर मुंगी चालल्यासारखी दिसते. ही पावलं मात्र...

"तिथंच," ती हळू म्हणाली. "एकाच जागी."

"एकाच जाग्यार कोण चालता गो?" म्हातारी म्हणाली. "माझो रुपेश जन्मात कधी एका जाग्यार उभो रवलो नाय. ता दुसरा कायतरी आसा." आणि तिनं पुढची करंजी घेतली.

समिधाला सासूचा भयंकर राग आला. आईच असं बोलली तर जगानं काय करावं! तीन दिवस ती तिच्याशी कामापुरतं बोलली.

भाऊबीज झाली आणि जानू झोऱ्यांचा फोन आला. रुपेशच्या जागी आता गस्तीला हेच होते. पन्नाशीचे, सावरटेप वाडीतले धनगर. वाडी म्हणजे एक्केचाळीसाव्या खुणेच्या बरोबर खाली, उताराच्या पायथ्याशी अकरा घरं.

"वैनी, जरा कानाला इचारा," झोरे म्हणाले. "आमच्या हिरीचं पानी लाल झालंय, कुंकू कालवल्यावानी. आन् माज्या घराचं दार लागंना. परवापरेंत लागत व्हतं. शेळ्या बी गोठ्यात जाईनात."

"मोठ्या साहेबांना कळवलंत?"

"कळवलं. त्ये म्हनले, कान काय बोलत न्हाई, मंग कशाला घाबरता?"

समिधानं फोन ठेवला. पडद्यावर एक्केचाळीसावी खूण हिरवीगार होती. तिनं ती खूण मोठी करून पाहिली, पुन्हा लहान केली. तरी तीन वाजता तिनं हेडफोन लावलाच. थांबण्याचे सेकंद आता पाच झाले होते. काल सहा होते.

सोमवारी तेंडोलकर मॅडम आल्या. घाटातल्या भागाचा आराखडा यांचा. माती, मुरूम, खडक यांत कुठे पाइप किती खोल पुरायचा, चर कशानं भरायचा, हे ठरवणाऱ्या बाई. साठीला टेकलेल्या, चिखलाच्या बुटांसकट आत आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. झोऱ्यांचं बोलणं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं.

"विहीर लाल झाली म्हणजे तांबड्या थरात पाणी शिरलंय," त्या म्हणाल्या. "या घाटात लाव्हाचे थर एकावर एक रचलेत, आणि दोन थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी. कोरडी असली तर दगडासारखी. भिजली तर साबण. तिच्यावरचा अख्खा उतार घसरू शकतो." त्यांनी बुटावरचा चिखल नखानं खरवडला. "आणि पाणी तिथवर नेणारं कोण? आपला चर. पुरलेली पाइपलाइन म्हणजे उतारावर खणलेला लांबच लांब खड्डा, त्यात सैल मुरूम भरलेला. पाऊस त्यातून पाटासारखा धावतो. म्हणून चरात दर दहा मीटरवर पोत्यांचे बांध घालायचे असतात, पाण्याला अडवायला. घाई होती. मी तीस मीटरवर सही केली."

मॅडमनीच विषय बदलला. "पण नशीब, कान शांत आहे. महिनाभरात एक्केचाळीसवर एकही अनोळखी आवाज नाही. गस्तवाला तेवढा दिसतोय. खूप चालतो हो हा."

बोलायचं नाही, असं समिधानं ठरवलं. बोललं की नोकरी जाईल, हे तर होतंच. पण नोकरीचं तिला त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही. बोललं की ते जातील. एकदा गेले होते, तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. या वेळी तिच्याच हातून जातील.

"मॅडम," तिच्या तोंडून निघालंच, "माती पावलासारखी वाजते का?"

मॅडमनी वळून पाहिलं. "जड कपाट कधी फरशीवरून ढकललंय? ते सरळ सरकत नाही. अडतं, आपण जोर लावतो, एकदम झटका देऊन सरकतं, पुन्हा अडतं. उतार तसाच सरकतो, झटक्याझटक्यानं. तिथं पाइप दोन काँक्रीटच्या ठोकळ्यांमध्ये धरलेला आहे. माती सरकली की पहिल्यांदा एका ठोकळ्याला धक्का, मग दुसऱ्याला, आणि मग माती पाइपच्या वेष्टनावरून घासत जाणार."

"टप, टप, खर्र," समिधा म्हणाली.

"आणि बहुतेक दुपारी. तीनच्या सुमारास खालच्या कारखान्यांची मागणी वाढते, पाइपमधला दाब बदलतो, पाइप जरासा ताणला जातो. टेकीला आलेल्या मातीला तेवढं पुरतं." मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

तिनं हेडफोन पुढे केला. तीनला अजून वेळ होता, पण गेल्या दोन दिवसांत पावलं सकाळीही येऊ लागली होती. मॅडमनी ऐकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हा गस्तवाला कोण?"

"माझे मिस्टर," समिधा म्हणाली. "दीड वर्षापूर्वी वारले. नाव मी दिलंय. यंत्राला मी शिकवलंय."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "दोन आवाजांमधलं अंतर कुणी मोजलंय?"

"मी. रोजचं. चोपन्नपासून."

फोन करून तिनं सासूला कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावले. दुधाचे खाडे आणि रुपेशचे श्वास एकाच आवाजात ऐकू आले. मॅडम चौकटीच्या कागदावर एकेक टिंब मांडत गेल्या. आडवे दिवस, उभे सेकंद. प्रत्येक झटक्याला माती साधारण सारखीच सरकते, त्यामुळे मधलं अंतर जितकं कमी तितका उताराचा वेग जास्त. टिंबं जोडली तर जवळजवळ सरळ रेघ होत होती, खाली उतरणारी. पन्नास दिवस, पन्नास सेकंद. मॅडमनी पट्टी ठेवून ती पुढे वाढवली. रेघ शून्याला टेकली तिथं शुक्रवार होता.

"अंतर शून्य म्हणजे थांबणं संपलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो थांबत नाही. सगळा येतो."

धोक्याचा इशारा मात्र मॅडमच्या शब्दानं निघत नव्हता. गॅस बंद करायचा, अकरा घरं हलवायची, तर कानाची लाल नोंद लागते, असा नियम. आणि कान म्हणत होता, गस्तवाला, निर्धोक. ज्यानं नाव दिलं त्यानंच बदलायचं, असाही नियम. मॅडमनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

पडद्यावर प्रश्न आला: या नावाच्या सर्व २,३१८ नोंदी 'मातीची हालचाल' अशा कायमच्या बदलायच्या का?

समिधानं हेडफोन लावला. पावलं चालूच होती. किती भरभर चालत होते! अंगणात शिरताना चालायचे तसे, पावसात भिजून आलेले, चहाच्या वासानं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला वाटलं, एकदाच 'अहो' म्हणावं. म्हणाली नाही. म्हटलं असतं तर बोट पुढे गेलं नसतं. तिनं 'हो' दाबलं.

हिरवी खूण लाल झाली. ठाण्यातल्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या. हेडफोनमध्ये तोच आवाज, त्याच ठेक्यात, पण खाली नाव दुसरं होतं.

गॅस संध्याकाळपर्यंत बंद झाला. सावरटेप रिकामी करायला दोन दिवस लागले, कारण माणसं निघाली तरी शेळ्यांशिवाय कुणी हलेना आणि शेळ्या टेम्पोत चढेनात. झोऱ्यांनी शेवटी त्यांना पायी हाकलत नेलं. शुक्रवार उजाडला, गेला. काही झालं नाही. शनिवारी लोक कुरकुरायला लागले. मोठे साहेब मॅडमशी तुटक बोलायला लागले. अकरा वाजता समिधा पडद्यासमोर होती. टप टप खर्र टप टप खर्र, मध्ये श्वास नाही, धावत सुटल्यासारखं. मग सगळे आवाज एकमेकांत मिसळले, एक लांब घरघर झाली, आणि एक्केचाळीसाव्या खुणेच्या पुढचा सगळा पडदा काळा पडला. तार तुटली होती.

संध्याकाळी झोऱ्यांनी फोनवरून चित्र पाठवलं. उतार नव्हता. वाडी नव्हती. जिथे अकरा घरं होती तिथे लाल चिखलात पाइपचा वाकडा तुकडा उभा होता. माणसं, शेळ्या, सगळी जिवंत. "वैनी," फोनवर ते रडत होते, "तुमच्यामुळं." समिधानं फोन सासूकडे दिला.

चौकशी लागली. मॅडमनी आपली सही आधी कबूल केली, त्यामुळे समिधाचं प्रकरण थोडं सौम्य झालं. तिला यंत्रापासून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. कुणी तिला टाकून बोललं नाही. काही बायका तर तिच्याकडे हळूच चौकशी करायच्या, खरंच ऐकू यायचं का हो?

पौषात तेंडोलकर मॅडम तिच्या घरी आल्या. चौकशीसाठी मुख्य कार्यालयाच्या साठ्यातून त्यांनी दोन वर्षांपूर्वीचे कच्चे आवाज मागवले होते, उतार तेव्हाच सरकू लागला होता का हे बघायला. लागला नव्हता. पण त्यात दुसरं काही सापडलं होतं.

"हे द्यायची परवानगी नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइल पुढे केला. "गस्तवाला क्रमांक सात, ते जाण्याच्या तीन आठवडे आधी. खरे. मी खुणेमागून खूण तपासलीय, चाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत चालत गेलेत. यात काही चूक नाही. तुमचं आहे, म्हणून आणलं."

त्या चहा न घेताच गेल्या. समिधा ओट्यावर बसली. तिनं कळ दाबली.

एक माणूस चालत होता. पावलं हलकी होती, जरा घाईची. डावा पाय घासत होता, पण खर्र असा नाही, नुसता सुस्कारल्यासारखा. काठी अधूनमधूनच टेकत होती. मध्ये कुठेतरी तो थांबला, बहुतेक कुणाशी बोलला, पुन्हा निघाला. समिधानं पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. कुणीतरी परका माणूस तिच्या कानाजवळून चालत गेला. तिनं त्याला हाक मारायचा प्रयत्न केला, मनात, पूर्वीसारखी. हाक पोचली नाही. तिच्या आत कुठेतरी तो दुसराच चालत होता, जड, दमदार, टप, टप, खर्र. तोच तिचा होता. तो डोंगर होता आणि तो पडला होता.

आतून सासूबाई गुडघा धरत बाहेर आल्या. मोबाइलमधून पावलं चालूच होती. म्हातारी उंबऱ्यातच थबकली. तिची मान एका बाजूला कलली आणि ती उंबऱ्यावर मटकन खालीच बसली.

"इलो," ती म्हणाली. "माझो रुपेश इलो." पदर तोंडाला लावून ती हुंदके देत ऐकत राहिली. कितीतरी वेळानं तिनं वर पाहिलं. "ऐकलंस मा गो? हेका म्हणतत चालणा. वळाखलंस मा?"

पावलं सेहेचाळीसाव्या खुणेकडे निघाली होती, हळूहळू लांब होत होती. समिधानं मोबाइल सासूच्या मांडीवर ठेवला, आवाज मोठा केला.

"हो आई," ती म्हणाली. "ओळखलं. हेच ते."